‘कुंग फू हसल’ : कर्लरवाली घरमालकीण आणि नळाचे पाणी

नळाला पाणी येत असते आणि मध्येच ते जाते. डोक्याला साबणाचा फेस लावून अंगणात उभा असलेला न्हावी, ज्याची विजार कमरेवर कधीच धड टिकत नाही, वर मान करून घरमालकिणीला विचारतो की पाणी असे अचानक का गेले. केसांना कर्लर, ओठांच्या कोपऱ्यात सिगारेट आणि अंगात झगा अशा थाटात मालकीणबाई फर्मान काढतात, की या महिन्यापासून सोमवार, बुधवार आणि शुक्रवार पाणी बंद, मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी ते अधूनमधून येईल. गिरगावच्या चाळीत बालपण गेलेली माझी मावशी चित्रपटातला हा प्रसंग पाहताना इतकी हसली, की तिच्यासाठी मला तो दोनदा मागे घ्यावा लागला. भाषा कँटनीज होती, खालची इंग्रजी अक्षरे वाचण्याइतका वेळ तिला मिळाला नव्हता, आणि तरीही तिने एवढेच विचारले, ‘‘यांच्याकडे रविवारचं काय?’’

स्टीफन चाऊ यांनी दिग्दर्शित केलेला आणि स्वतः प्रमुख भूमिका केलेला ‘कुंग फू हसल’ हाँगकाँगमध्ये डिसेंबर २००४ मध्ये प्रदर्शित झाला. मी तो प्रथम दूरचित्रवाणीवर हिंदी आवाजांत पाहिला होता. जाहिरातींनी तुकडे केलेल्या त्या प्रयोगातही मजा आली होती, पण मूळ आवाजात सलग पाहण्याची इच्छा राहून गेली होती. ती यंदा डिस्क मागवून पूर्ण केली. (पहिली आलेली डिस्क दुसऱ्याच विभागासाठीची निघाली आणि प्लेअरने ती वाचलीच नाही. विक्रेत्याने ती बदलून देण्यास तीन आठवडे घेतले, पण दिली.) जेमतेम पावणेदोन तासांच्या या चित्रपटाचे परीक्षण इतक्या वर्षांनी लिहिण्याचे कारण असे, की कुंग फू आणि विनोद यांची सांगड नेमकी कशी बसते हे ज्याला समजून घ्यायचे असेल, त्याच्या हाती प्रथम द्यावा असा दुसरा चित्रपट मला सुचत नाही. ती सांगड कुठे निसटते, हेही याच चित्रपटाच्या उत्तरार्धात दिसते.

कथा गेल्या शतकाच्या पूर्वार्धातील शांघायमध्ये घडते. शहरावर काळे सूट आणि उंच टोप्या घालणाऱ्या कुऱ्हाड टोळीची दहशत आहे. फक्त एका वस्तीकडे ही टोळी फिरकत नाही, कारण तिथे लुटण्याजोगे काहीच नाही. इंग्रजीतून या वस्तीचे नाव ‘डुकरांच्या खुराड्याची गल्ली’ असे होते, परंतु मराठी प्रेक्षकाला पडद्यावर दिसते ती सरळसरळ चाळ. तीन बाजूंनी मजल्यामजल्यांचे सज्जे, मधे अंगण, खाली शिंपी, न्हावी आणि खाद्यपदार्थांचे दुकान, वर बिऱ्हाडे, आणि कोणाच्याही घरातले भांडण सर्वांच्या मालकीचे. सिंग नावाचा एक भुरटा आणि त्याचा जाडगेला जोडीदार टोळीची माणसे असल्याची बतावणी करून इथे दमदाटी करायला येतात, त्यातून खरी टोळी चाळीवर चालून येते, आणि मग उघड होते की या भाडेकरूंत तीन जण नामांकित वस्ताद आहेत. एक हमाल, एक शिंपी आणि एक तळलेल्या पिठाच्या कांड्या विकणारा.

ही चाळ चाऊ यांनी हवेतून निर्माण केलेली नाही. ‘बहात्तर भाडेकरूंचे घर’ हे शांघायच्या रंगभूमीवरचे एक गाजलेले प्रहसन होते. चोर युएन यांनी १९७३ मध्ये त्यावर कँटनीज भाषेत चित्रपट काढला, आणि ज्या वर्षी ब्रूस ली यांचे निधन झाले आणि त्यांचा शेवटचा पूर्ण चित्रपट आला, त्याच वर्षी हाँगकाँगच्या तिकीटबारीवर भाडेकरूंचा हा चित्रपट पहिल्या क्रमांकावर राहिला. त्या काळी हाँगकाँगच्या पडद्यावर मँडरिन या चिनी भाषेचे राज्य होते आणि घराघरांत बोलली जाणारी कँटनीज तिथून जवळजवळ हद्दपार झाली होती. ती परत आली ती पाणी, भाडे आणि खाष्ट मालकीण यांच्या पाठीवर बसून. ‘कुंग फू हसल’मधील मालकीणबाईंना हा वारसा आहे, आणि म्हणूनच हाँगकाँगच्या प्रेक्षकाला त्या पहिल्या पावलापासून ओळखीच्या वाटल्या असणार.

आता विनोदाकडे येतो. सिंग चाळकऱ्यांना आव्हान देतो तो प्रसंग नीट पाहण्यासारखा आहे. गर्दीतून तो आपल्याला झेपेल असा प्रतिस्पर्धी शोधत असतो. बसलेला एक ठेंगणा माणूस तो निवडतो, तर तो उभा राहिल्यावर ताडासारखा उंच निघतो. एका पोराकडे बोट दाखवतो, तर त्या पोराच्या अंगावर पैलवानाचे स्नायू. शेवटी भाजीवाल्या बाईला तो मोठ्या उदारपणे पहिला ठोसा मारण्याची संधी देतो आणि तिच्या एका ठोशाने त्याच्या तोंडातून रक्त येते. इथे लढत म्हणावी अशी झालेलीच नाही. तरीही आखाड्यात होते तीच गोष्ट घडते आहे : समोरच्याचे वजन जोखणे, अंदाज चुकणे, आणि चूक कळेपर्यंत उशीर झालेला असणे. हसू येते ते या उशिरामुळे. कुस्तीत पेच बसतो तोही समोरच्याला उमगण्याच्या क्षणभर आधीच. एकाच प्रकारच्या वेळेच्या हिशेबावर डाव आणि विनोद दोन्ही चालतात, हे या चित्रपटाला पक्के ठाऊक आहे.

सुऱ्यांचा प्रसंग त्याहून सरस आहे. सिंग आणि त्याचा जोडीदार मालकीणबाईंचा काटा काढायला येतात. फेकलेली पहिली सुरी परत येऊन सिंगच्याच खांद्यात रुतते. मदतीला धावलेल्या जोडीदाराच्या हातून आणखी सुरी सुटते आणि तीही सिंगलाच लागते. मग टोपलीतले साप येतात, आणि ते कोणाला चावणार हे तोवर प्रेक्षकाला कळून चुकलेले असते. या सगळ्यात दोघांनाही ओरडता येत नाही, कारण बाई जवळच आहेत. दाबून धरलेली किंकाळी हा या दृश्याचा खरा नायक आहे. हिंदी आवाजांच्या प्रतीत मला आठवते त्याप्रमाणे याच ठिकाणी पात्रांच्या तोंडी फुटकळ विनोद कोंबलेले होते, आणि मूळ प्रत पाहिल्यावर त्यांनी किती नुकसान केले होते ते ध्यानात आले. शांतता भरून काढायची नसते, हे डबिंग करणाऱ्यांना कोणीतरी सांगायला हवे होते.

मालकीणबाईंच्या भूमिकेतील युएन चिऊ आणि त्यांच्या स्त्रीलंपट, मार खाऊ नवऱ्याच्या भूमिकेतील युएन वा ही या चित्रपटाची खरी कमाई आहे. हे दोघेही यू जिम-युएन यांच्या पेकिंग ऑपेराच्या, म्हणजे पारंपरिक चिनी संगीतनाट्याच्या, शाळेचे विद्यार्थी. जॅकी चॅन, सॅमो हंग आणि युएन बिआओ हेही तिथलेच. त्या शाळेत मुले लहानपणीच वस्तीला ठेवली जात, आणि कोलांट्या, हातांवर उभे राहणे, शस्त्रे, गायन आणि रंगभूषा हे सारे छडीच्या धाकाखाली वर्षानुवर्षे घोटून घेतले जाई. पेकिंग ऑपेरात ‘वूछौ’ नावाचे एक स्वतंत्र पात्र असते. तो विदूषक असतो आणि योद्धाही, म्हणजे कसरत करता करता हसवणे हेच त्याचे काम. १९७८ नंतर हाँगकाँगच्या चित्रपटांत विनोदी कुंग फूची जी लाट आली ती अनेकांना ब्रूस लींच्या गंभीर चित्रपटांवरची प्रतिक्रिया वाटते. तसे म्हणण्यात तथ्य आहेच, पण ज्यांनी ती आणली त्यांच्या अंगात हा विदूषक शाळेपासून मुरलेला होता, हे विसरून चालत नाही.

युएन वा हे एके काळी ब्रूस लींच्या जागी कोलांट्या मारणारे बदली कलाकार होते. ही माहिती मनात ठेवून, बायकोने वरच्या मजल्यावरून फेकून दिलेला आणि वर डोक्यावर कुंडी पडलेला हा मालक पुन्हा पाहावा. पडण्याची कला ज्याला येते त्याचे पडणे हलके दिसते, आणि हलके दिसते म्हणूनच आपल्याला निर्धास्तपणे हसता येते. पुढे हाच मालक ताई चीच्या संथ, गोलाकार हातांनी प्रहार परतवू लागतो तेव्हा लक्षात येते की आधीचे ते लटपटणे आणि आताचे हे डोलणे यांत अंगाची ठेवण एकच आहे. मालकीणबाईंचे अस्त्र म्हणजे त्यांचा आवाज. पहिल्या अर्ध्या तासात भाडे मागताना जो आवाज नुसता कर्कश वाटतो, तोच नंतर ‘सिंहगर्जना’ म्हणून माणसे उधळून लावतो. मावशीला यात काहीच अतिशयोक्ती वाटली नाही.

तिन्ही वस्तादांचे लढणेही वेगवेगळे ओळखू येते. हमालाचे बळ लाथांत आहे, कांड्या विकणारा बांबूच्या काठीवर लढतो, आणि शिंपी हातांत लोखंडी कड्या चढवून उतरतो. शिंप्याची भूमिका करणारे चिऊ ची-लिंग हे हुंग गार या दक्षिणी शैलीचे प्रत्यक्षातले वस्ताद आहेत आणि कड्यांचा तो प्रकारही त्या शैलीच्या तालमीतलाच आहे. हमाल झालेले शिंग यू शाओलिनमध्ये शिकलेले आहेत. अंगणात हे तिघे शेकडो टोप्यांना भिडतात तेव्हा कॅमेरा बराच वेळ मागे उभा राहतो आणि पाय कुठून निघाला, कुठे लागला, लागलेला माणूस कुठे जाऊन आदळला हे एकाच चौकटीत दिसते. आपल्या अलीकडच्या चित्रपटांत सेकंदाला तीन तुकडे करून जे लपवले जाते, ते इथे मुद्दाम दाखवले आहे. या हाणामारीची आखणी सुरुवातीला सॅमो हंग यांच्याकडे होती, नंतर ती युएन वू-पिंग यांनी पुढे नेली.

उत्तरार्धाबद्दल मात्र हात राखूनच लिहावे लागते. तंतुवाद्य छेडून हवेतून सुऱ्या सोडणाऱ्या दोन मारेकऱ्यांचे दृश्य विलक्षण आहे. संगणकाचा वापर तिथेही आहे, परंतु तो भीतीच्या सेवेत आहे. भिंतीवरची मांजराची सावली मधोमध कापली जाते त्या क्षणी मावशी उठून चहा ठेवायला गेली आणि हमालाचे पुढे काय झाले ते तिने मला स्वयंपाकघरातून विचारले. मी सांगितले नाही. लहान मुलांसोबत चित्रपट पाहणाऱ्यांनी हा भाग आधी स्वतः पाहून घ्यावा.

खरी घसरण त्यानंतर होते. वेड्यांच्या इस्पितळातून सोडवून आणलेला ‘पशू’ रबरी चपला आणि बनियन घालून येतो, आणि तेवढा वेळ चित्रपट पुन्हा चाळीच्या उंचीवर असतो. ही भूमिका करणारे ल्युंग सिऊ-लुंग सत्तरच्या दशकातले नाणावलेले लढवय्ये नट होते. टक्कल पडलेल्या, शेजारच्या काकांसारख्या दिसणाऱ्या या माणसाने बंदुकीची गोळी दोन बोटांत पकडावी, यात जी गंमत आहे ती शेवटच्या आकाशव्यापी लढतीत उरत नाही. सिंग ढगांपलीकडे जाऊन येतो, जमिनीवर तळव्याएवढे नव्हे तर वाड्याएवढे ठसे उमटतात, आणि अंगाला वजन असल्याची जाणीवच नाहीशी होते. ज्याला लागू शकत नाही त्याच्यावर हसताही येत नाही. आइस्क्रीम विकणाऱ्या मुक्या मुलीची उपकथा हळवी आहे, पण ती इतकी त्रोटक आहे की चाऊ यांना ती हवी होती की निर्मात्यांना, असा प्रश्न पडतो.

डिस्कबद्दल थोडे. चित्र स्वच्छ आहे, अंगणातील संध्याकाळचे पिवळसर रंग छान उतरले आहेत आणि कँटनीज ध्वनी निवडण्याची सोय आहे. तक्रार आहे ती इंग्रजी उपशीर्षकांबद्दल. मालक आणि मालकीण आपली ओळख देतात तिथे ती दोघे स्वतःला पॅरिस आणि ट्रॉयची हेलन म्हणवतात असे अक्षरांत येते. मूळ संवादात ती नावे यांग गुओ आणि शिआओलाँगन्यू अशी आहेत, म्हणजे जिन याँग यांच्या १९५९ ते १९६१ या काळात क्रमशः प्रसिद्ध झालेल्या कादंबरीतील तरुण, देखणी, विरहात होरपळलेली प्रेमी जोडी. चिनी वाचकांच्या पिढ्या त्या जोडीवर पोसल्या आहेत. कर्लर लावलेल्या बाई आणि त्यांचा झुकलेला नवरा यांनी ती नावे सांगावीत, हा विनोद ग्रीसमध्ये नेल्यावर निम्मा सांडतो. मराठी उपशीर्षके कोणी केलीच, तर त्याने नावे मूळचीच ठेवावीत आणि खाली एक ओळ खुलाशाची द्यावी, अशी माझी सूचना आहे.

पाचांपैकी चार गुण मी देतो, आणि हमाल अंगणात पहिली लाथ उचलतो तिथून तंतुवाद्यवाले मारेकरी येईपर्यंतच्या भागाला पाचवा उसना देतो. ज्यांना एकाच बैठकीत सगळे पाहण्याइतका वेळ नसेल त्यांनी तेवढा भाग पाहावा, मात्र नळाचा प्रसंग त्याच्याही आधी येतो, हे ध्यानात असू द्यावे.