मुलांचं गाणं-वाजवणं: ऑनलाइन कुठवर चालतं आणि क्लास कधी लावावा

जून उजाडला की सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारणा सुरू होते: "सात वर्षांच्या मुलीसाठी गाण्याचा क्लास सुचवा, शक्यतो ऑनलाइन." वाकड, बाणेर किंवा खराडीला राहणाऱ्यांनी 'शक्यतो ऑनलाइन' का लिहिलं ते पुणेकराला समजावून सांगायला नको. आयटीतली ऑफिसं सुटायच्या वेळी मुलाला घेऊन पेठेत पोहोचायचं, खाली पार्किंग शोधायचं, क्लास सुटेपर्यंत थांबायचं. पाऊण तासाच्या शिकवणीपायी अख्खी संध्याकाळ जाते.

उत्तरादाखल ज्या लिंका येतात त्यांत मात्र चार निरनिराळ्या गोष्टी एकाच नावाखाली मिसळलेल्या असतात. फुकट खेळायच्या साइट, गुण देणारी ॲप, यूट्यूबवरचे धडे आणि व्हिडिओ कॉलवर शिकवणारे शिक्षक. माझं मत आधीच सांगून टाकते. मुलाला संगीताची गोडी आहे की नाही हेच ठाऊक नसेल, तर पहिले दोन-तीन महिने फुकटचं ऑनलाइन पुरेसं आहे. कीबोर्ड शिकायचा असेल तर ऑनलाइन शिक्षक चालतात. गाणं असेल तर चालतात, पण काही अटींवर. आणि तबला असेल तर पहिलं वर्ष तरी ऑनलाइनच्या वाटेला जाऊ नका.

आधी नुसतं खेळू द्या

गूगलची 'क्रोम म्युझिक लॅब' २०१६ पासून आहे. खातं उघडावं लागत नाही, पैसे लागत नाहीत, मध्येच जाहिरात येत नाही. फोनवर चालते, पण लॅपटॉपवर किंवा टॅबवर जास्त मजा येते. तिच्यातला 'साँग मेकर' म्हणजे रंगीत चौकोनांची जाळी: चौकोनाला हात लावला की सूर, खालच्या ओळीत हात लावला की ठोका.

मूल आपोआप खेळू लागतं, पण सेटिंगमध्ये जाऊन एक गोष्ट मोठ्यांनी करून द्यावी. स्केल 'पेंटॅटॉनिक' करायचं. मग म आणि नि जातात, उरतात सा रे ग प ध. आता कुठेही बोट ठेवलं तरी कानाला खटकत नाही, आणि पाच मिनिटांत घरातलं कोणीतरी म्हणतं, "अरे, हा भूप आहे की!" तो भूप राग नसतो, भुपाचे सूर असतात. हेच पाच सूर देशकार रागालाही लागतात, आणि कोणत्या सुरावर किती रेंगाळायचं, कुठून कुठे जायचं यात दोन्ही राग वेगळे होतात. ते चौकोनांना कळत नाही. पण आठ वर्षांच्या मुलाला 'सूर तेच, राग वेगळा' एवढं कोडं घालायला याहून सोपी जागा मला माहीत नाही. त्याच सेटिंगमध्ये ठोक्यांची संख्या सात करता येते, की सात मात्रांचा रूपक ताल मोजायला तयार. तीन, दोन, दोन असे टप्पे मुलाला स्वतःच्या हाताने मांडू द्या.

'स्पेक्ट्रोग्राम' हा तिथलाच दुसरा खेळ. मायक्रोफोन चालू केला की येणारा आवाज पडद्यावर रंगांत उमटतो. तोंडाने वाजवलेली शिट्टी एकच बारीक रेघ काढते, कुकरची शिट्टी पडदाभर पसरते, आणि लांब 'सा' लावला तर एकावर एक रेघांची शिडीच दिसते. 'आ' म्हणता म्हणता 'ई' केलं की शिडी तीच राहते, पण उजळ पायऱ्या बदलतात. आवाजाचा पोत म्हणजे काय, हे मोठ्यांनाही इथे पहिल्यांदा दिसतं.

यात शिकवणारं कोणी नाही, चूक दाखवणारं कोणी नाही, आणि मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, तर अजिबात नाही. सूर एका चौकोनातून दुसऱ्यात उडी मारतात. काही आठवड्यांत मूल कंटाळेल. कंटाळण्याआधी ते स्वतःहून किती वेळा तिकडे वळलं आणि काय करत बसलं, हे पाहून ठेवा. ठोक्यांकडे ओढ आहे की सुरांकडे, हे क्लासची फी भरण्याआधी कळलेलं बरं.

गुण देणारी ॲप

'सिंपली पियानो', 'यूझिशियन' यांसारखी ॲप फोनच्या मायक्रोफोनवरून ऐकतात आणि सूर बरोबर आला का, वेळेवर आला का ते सांगतात. आपल्याकडचं 'रियाज' हे ॲप गाणाऱ्याच्या सुराची रेघ पडद्यावर काढतं. रोज दहा-पंधरा मिनिटं एकट्याने बसायची सवय लागायला ही बरी आहेत. ज्या घरात आई-बाबा दोघंही सातनंतर घरी येतात, तिथे एवढीही मदत मोठी असते.

पण ॲपला ऐकू येतं, दिसत नाही. मुलगा उजव्या हाताच्या एकाच बोटाने सगळी धून टकटक वाजवतो, मनगट खाली लोंबकळलेलं, अंगठा हवेत, आणि ॲप त्याला भरभरून तारे देतं. पुढे दोन हातांचं वाजवायची वेळ आली की ती सवय मोडण्यात महिने जातात. गाण्याच्या ॲपमधला धोका निराळा आहे: मूल कानाऐवजी डोळ्यांनी गाऊ लागतं. रेघेवर रेघ बसवणं जमतं, सूर लागतो, पण रेघ गेली की सूरही जातो. म्हणून अधूनमधून फोन पालथा ठेवून तोच अलंकार (सुरांचा ठरलेला पलटा) म्हणायला सांगावा. तसा जमला तर ॲपने काम केलं, नाही तर तो खेळ म्हणूनच राहू द्या.

पैशांबाबत एकच सांगते. मोफत चाचणीचे दिवस संपले की वर्षाचे पैसे कापले जाऊ शकतात, आणि फोनवरून ॲप काढून टाकलं म्हणजे सबस्क्रिप्शन बंद होत नाही. ते प्ले स्टोअरमध्ये किंवा आयफोनच्या सेटिंगमध्ये जाऊनच बंद करावं लागतं.

यूट्यूबवर सगळं आहे आणि क्रम कशालाच नाही. शिकवणी म्हणून ते लहान मुलाच्या कामाचं नाही. ऐकण्यासाठी मात्र त्याला तोड नाही. ऑटोप्ले बंद करा, वेग ०.७५ वर ठेवा (सूर खाली उतरत नाही, नुसती लय संथ होते) आणि शेजारी स्वतः बसा.

व्हिडिओ कॉलवरचा क्लास

खरी तुलना इथे आहे, कारण शिक्षक दोन्हीकडे आहेत आणि मधलं अंतर तेवढं वेगळं आहे.

कॉलवर आवाज पोहोचायला वेळ लागतो. गप्पांमध्ये तो जाणवत नाही. पण समजा सेकंदाचा दहावा भाग उशीर झाला: एवढ्या वेळात आवाज हवेतून सुमारे ३४ मीटर जातो. म्हणजे तबलजीला मैदानाच्या पलीकडच्या टोकाला बसवून त्याच्याबरोबर समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, यायचं. साहजिकच कॉलवर दोघांना एकत्र गाता-वाजवता येत नाही. शिवाय दोघं एकदम गायला लागले की सॉफ्टवेअर एकाचा आवाज दाबून टाकतं.

गाण्याला हे कमी नडतं, कारण आपल्याकडे गाणं मुळात 'मी म्हणते, मग तू म्हण' असंच शिकवतात. अडचण येते तानपुऱ्याची. कॉलच्या सॉफ्टवेअरला एकसारखा चालणारा आवाज म्हणजे पंख्याची घरघर वाटते आणि ते तो कापून टाकतं. मग शिकवणाऱ्या ताई कॅमेऱ्याकडे वाकून मुलाशेजारी बसलेल्या आजींना विचारतात, "आजी, तानपुरा लावलाय ना तुम्ही? मला इकडे काहीच येत नाहीये." आजी म्हणतात, "अहो ताई, इथे तर दणदणतोय." दोघींचंही खरं असतं. यावर उपाय आहे. झूममध्ये 'ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स' दोन्ही बाजूंनी चालू करायचं, गूगल मीटमध्ये नॉइज कॅन्सलेशन बंद करायचं. आणि दोन्ही घरांत आपापला तानपुरा एकाच पट्टीत वेगळ्या फोनवर लावायचा; अँड्रॉइडवर 'तानपुरा ड्रॉइड' आहे, आयफोनवर 'आयतबलाप्रो'. तानपुऱ्याला ताल नसल्यामुळे दोन ठिकाणी दोन तानपुरे वाजले तरी काही बिघडत नाही. तबल्याच्या ठेक्याचं तसं करता येत नाही. मुलाने स्वतःच्या घरी ठेका लावून त्यावर गायचं आणि ताईंनी नुसतं ऐकायचं, एवढंच शक्य आहे. या सेटिंगांबद्दल विचारल्यावर शिक्षक गोंधळले, तर त्यांचं गाणं उत्तम असूनही त्यांचा ऑनलाइन क्लास बेतासबात असू शकतो.

कीबोर्डला ऑनलाइन सगळ्यांत सोयीचं पडतं. फोन वरून असा टांगायचा की दोन्ही हात आणि पट्ट्या दिसतील. बोटं चुकली की लगेच कळतं, आणि वाद्य सुरात आहे का हा प्रश्नच नसतो. पेटीचंही बरंचसं जमतं, फक्त भाता ओढणारा हात चौकटीत यायला हवा.

तबल्याचं गणित बसत नाही. डग्ग्याचा (जोडीतल्या मोठ्या, खर्जाच्या वाद्याचा) घुमारा फोनच्या छोट्या स्पीकरमधून येतच नाही, त्यामुळे सर दोन्ही हातांचा 'धा' वाजवून दाखवतात आणि मुलाला 'ता'च ऐकू येतो. इअरफोन लावून थोडं सुधारतं. पण हात बसवायचा म्हणजे सरांनी मुलाचं मनगट धरून, बोट उचलून, किनारीवर ठेवून दाखवायचं असतं. शिवाय पावसाळ्यात पुडी, म्हणजे तबल्यावरचं कातडं, सैल पडली की हातोडीने बाजूचे लाकडी गठ्ठे ठोकून तबला सुरात कोण आणणार? घरात आजोबा तबला वाजवणारे असतील तर गोष्ट वेगळी.

आणखी एक फरक फीच्या आकड्यात दिसत नाही. ऑनलाइन गटात पाच मुलं आणि पंचेचाळीस मिनिटं असतील, तर एकाच्या वाट्याला फार तर नऊ मिनिटं येतात. बाकी वेळ मूल म्यूट होऊन खिडकीबाहेर बघतं. प्रत्यक्ष क्लासात तीच पाच मुलं एकत्र सरगम म्हणतात. लाजरं मूल इतरांच्या आवाजात आपला आवाज सोडून बघतं, शेजारचीचा पंचम लागतो म्हणून आपलाही लावू पाहतं. बुजऱ्या मुलासाठी मी डोळे मिटून प्रत्यक्ष क्लास निवडेन. ऑनलाइनच घ्यायचं असेल तर एकास एक घ्या, वेळ कमी असला तरी चालेल.

पुण्यात आहोत त्याचा फायदा

पंडित भास्करबुवा बखल्यांचा भारत गायन समाज १९११ पासून इथे आहे, विनायकबुवा पटवर्धनांचं गांधर्व महाविद्यालय १९३२ पासून. शिवाय जवळजवळ प्रत्येक उपनगरात कोणी ना कोणी विशारद झालेली काकू घरी शिकवत असते, आणि तिची जाहिरात कुठेच नसते. लिंका उघडण्याआधी आपल्याच सोसायटीच्या दोन इमारतींत चौकशी करावी. दहा मिनिटांच्या अंतरावरचा साधा क्लास बहुतेक वेळा लांबच्या नामांकित क्लासपेक्षा जास्त टिकतो.

परीक्षांचं सुरुवातीलाच विचारून घ्या. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून सुरू होऊन प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा चढत जातात. पाश्चात्त्य कीबोर्डसाठी लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या ग्रेड परीक्षा असतात. शिक्षक ऑनलाइन असले तर फॉर्म कोणत्या केंद्रातून भरायचा, साथीला कोण बसणार, हे आधी कळायला हवं. साथीदाराबरोबर कधीच न गायलेलं मूल परीक्षेच्या खोलीत पहिल्यांदा जिवंत तबला ऐकून बावरतं, त्यात त्याची चूक नसते.

आणि कान तयार व्हायला पुण्यासारखं गाव नाही. १९५३ पासून चालत आलेला सवाई गंधर्व महोत्सव डिसेंबरात असतो. लहान मुलाला तिथे अख्खा दिवस बसवायचा हट्ट धरू नका, एका वाद्याचं वादन ऐकून वडापाव खाऊन घरी आलात तरी पुष्कळ झालं. राजा केळकर संग्रहालयात जुनी वाद्यं मांडलेली आहेत. पडद्यावर ऐकलेल्या सारंगीला एवढ्या तारा असतात हे तिथे दिसतं.

डेमोच्या दिवशी

मोठ्या ऑनलाइन कंपन्यांच्या डेमोला अनेकदा फार गोड शिक्षक असतात. पैसे भरल्यावर तेच शिकवणार का, हे लेखी विचारा. वर्षाचं पॅकेज स्वस्त पडतं म्हणून पहिल्या फोनवरच घेऊ नका. महिन्याची फी थोडी जास्त असली तरी पहिले तीन महिने तशीच भरावी. डेमोत शिक्षक जास्त बोलतात की मूल जास्त गातं, तेही बघा. आणि मुलाला विचारताना "आवडलं का?" असं विचारू नका, "काय म्हणून दाखवतोस?" असं विचारा.

एक मधला मार्ग फारसं कोणी मागत नाही. आठवड्यातून एकदा, शनिवारी किंवा रविवारी सकाळी रस्ते मोकळे असताना प्रत्यक्ष क्लास, आणि बुधवारी त्याच ताईंबरोबर पंधरा मिनिटांचा व्हिडिओ कॉल, नुसता दिलेला पाठ ऐकवण्यापुरता. पूर्ण ऑनलाइन तासाइतकी फी त्याला पडू नये. ताईंना स्पष्ट विचारा; लॉकडाऊनपासून बऱ्याच जणींना दोन्हीची सवय झालेली आहे. तबल्यासाठीही हेच चालतं, फक्त बुधवारच्या कॉलवर वाजवायला न लावता हातावर टाळी देत बोल म्हणवून घ्यायचे.