दोन्ही बाटल्यांवरची लेबलं खरवडलेली होती

कॉन्टॅक्ट लेन्स घातल्यावर दिसायला लागलं, म्हणून मी सात महिने गप्प बसले. ही माझी चूक आधीच सांगते, कारण केराटोकोनस हा डोळ्यांचा आजार असलेल्या माणसाला नेमकं इथेच गाठतात. वर्षानुवर्षं सगळं फाटलेलं, पसरलेलं बघितल्यावर तक्त्यावरची खालची ओळ वाचता आली की डोळ्यांत पाणीच येतं. त्या क्षणी समोरचा जे सांगेल ते खरं वाटतं.

मी कराडजवळच्या एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. लहानपणापासून डोळ्यांना खाज, आणि ते चोळायची सवय. आई ओरडायची, पण खाज सुटली की हात जायचाच. पुढे चष्म्याचा सिलिंडर नंबर दर सहा महिन्यांनी बदलायला लागला. रात्री चंद्र एकाच्या जागी चार-पाच दिसायचे, गाड्यांच्या दिव्यांना शेपट्या फुटायच्या. चोविसाव्या वर्षी कराडच्या डॉक्टरांनी कोल्हापूरला टोपोग्राफी, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पृष्ठभागाचा नकाशा, करायला पाठवलं आणि निदान झालं. बुबुळावरचा काचेसारखा पारदर्शक थर, म्हणजे कॉर्निया, पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो, तो हा आजार. डॉक्टर सरळ बोलले, "चष्म्याने हे भागणार नाही. कडक लेन्स लागतील. माझ्याकडे डोळ्यात घालून बघायच्या लेन्सचा ट्रायल सेट नाही. पुण्याला चांगल्या ठिकाणी जा." त्यांनी एका ट्रस्टच्या नेत्र रुग्णालयाचं नावही लिहून दिलं होतं. तिथली पुढची तारीख दीड महिन्यानंतरची मिळाली. जून २०२३, शाळा सुरू होत होती. मावसबहिणीने पुण्यातल्याच एका दुकानाचं नाव सांगितलं. बाहेर चष्म्याचं काउंटर, आत 'केराटोकोनस क्लिनिक' अशी पाटी. लगेच वेळ मिळाली. मी तिथे गेले.

आतल्या माणसाने पांढरा कोट घातला होता. तो डॉक्टर आहे का, ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे नजर तपासून चष्मा-लेन्स देणारा तज्ज्ञ, आहे का, हे मी विचारलं नाही. माझ्या फाइलमधली कोल्हापूरची टोपोग्राफी त्याने उघडलीसुद्धा नाही. मशीनवर डोळे टेकवायला लावले, नंबर काढला आणि म्हणाला, "मॅडम, तुमच्या केससाठी परदेशातून खास लेन्स मागवावी लागेल. जोडीचे ३८,००० होतील, २०,००० आज भरा." डोळ्यात एकही लेन्स घालून बघितली नाही. मला वाटलं, मशीनने सगळं मोजलं असेल.

दहा दिवसांनी लेन्स आल्या. घातल्या, आणि उजव्या डोळ्याने ६/९ ची ओळ वाचली. डाव्याने ६/१२. तो म्हणाला, "दिसतंय ना छान? मग फिटिंग परफेक्ट." मी नवऱ्याला फोन करून रडले. एसटीने परत येताना उंब्रजच्या थांब्यावरची पाटी खिडकीतून वाचली. तो आनंद खोटा नव्हता. पण 'दिसतं' आणि 'बसली' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यापासून दुपारी दोनच्या सुमाराला डावा डोळा लाल व्हायचा. पापणी जरा जोरात मिटली की लेन्स निसटायची. दोनदा वर्गात पडली आणि पोरांनी फरशीवर ओणवं होऊन शोधून दिली. फोन केला तर एकच उत्तर, "सवय होईल." कडक लेन्सची सवय व्हायला दोन-तीन आठवडे लागतात हे खरंच आहे, त्यामुळे मला ते पटलं. पण माझी तक्रार वेगळी होती. लेन्स काढल्यानंतरही रात्री उशिरापर्यंत डोळा ठणकायचा, उजेड सहन व्हायचा नाही. नुसती लेन्स टोचत असेल तर काढल्यावर बरं वाटतं. काढल्यावरही दुखत राहिलं तर कॉर्नियावरची साल निघाली असण्याची शक्यता असते. मला हे जानेवारीत कळलं.

ऑक्टोबरमध्ये परत गेले. त्याने लेन्स उजेडात धरली आणि म्हणाला, "यावर ओरखडे आहेत, तुम्ही नीट हाताळत नाही." डावी लेन्स नव्याने, १७,०००. मी स्वतःलाच दोष देत पैसे भरले. नव्या लेन्सनेही तेच झालं.

डिसेंबरच्या शेवटी मी हट्टाने गेले तेव्हा त्याने लेन्स काढायला लावल्या, अर्ध्या तासात टोपोग्राफी काढली आणि लाल-पिवळा नकाशा समोर धरला. "आजार वाढलाय. याच आठवड्यात सीथ्रीआर करून घ्या, नाहीतर बुबुळ बदलावं लागेल. आमच्या ओळखीचे सर्जन आहेत, दोन्ही डोळ्यांचे ८०,०००." सीथ्रीआर म्हणजे कॉर्निया घट्ट करायचा उपचार. मी त्या कागदाची प्रत मागितली. मिळाली नाही. मग लेन्सची मापं लिहून मागितली. तेव्हा तो पहिल्यांदा चिडला. "मापं घेऊन काय करणार? आमच्या लेन्सला दुसरा कुणी हात लावणार नाही."

खरं सांगायचं तर त्या वाक्याने मी घाबरले. दुसऱ्याकडे गेलो तर हा चिडेल आणि पुढे बघणारही नाही, ही भीती मला वाटली, आणि माझ्यासारख्या अनेकांना वाटत असणार. कराडच्या डॉक्टरांना भेटले, तर ते म्हणाले, "बाई, भीती कसली? दुसरं मत घेणं हा तुमचा हक्क आहे. जुन्या लेन्स, बाटल्या, पावत्या, कोल्हापूरची टोपोग्राफी, सगळं घेऊन जा. आणि जायच्या आधी लेन्स घालणं बंद ठेवा." कडक लेन्सच्या दाबाने कॉर्नियाचा आकार तात्पुरता बदलतो. तो मूळ जागी यायला दिवस, कधी आठवडे लागतात. लेन्स काढल्या काढल्या काढलेली टोपोग्राफी आजाराबद्दल भलतंच सांगू शकते. अर्ध्या तासात काढलेल्या त्या नकाशावर ८०,००० ची मागणी उभी होती.

तीन आठवडे मी चष्म्यावर काढले. फळ्यावर मी लिहायचे आणि वाचायची चौथीतली एक मुलगी. हजेरी आवाजावरून घ्यायचे.

ट्रस्टच्या त्या रुग्णालयात सकाळी साडेआठला गेले ते दुपारी चारला बाहेर पडले. आधी टोपोग्राफी आणि जाडीची मोजणी झाली. कॉर्नियाच्या डॉक्टरांनी ती कोल्हापूरच्या जुन्या कागदाशेजारी ठेवली. कॉर्नियाचा बाक डायॉप्टरमध्ये मोजतात, आकडा जास्त तितका बाक जास्त. उजवा सरासरी ४६.५ डायॉप्टर, डावा ५१; सर्वांत पातळ जागी जाडी उजव्यात ४७८ मायक्रॉन, डाव्यात ४४२. जुन्या आकड्यांत आणि यात म्हणावा असा फरक नव्हता. सीथ्रीआर, म्हणजे क्रॉस-लिंकिंग, हे रायबोफ्लेविनचे थेंब आणि अतिनील किरण वापरून कॉर्निया घट्ट करण्याचं काम आहे. त्याने आजार थांबवता येतो. ते लेन्सची जागा घेत नाही. आजार वाढतोय हे काही महिन्यांच्या अंतराने काढलेल्या टोपोग्राफींवरून ठरवतात. माझ्या बाबतीत डॉक्टर म्हणाले, सहा महिन्यांनी परत या, तोपर्यंत डोळे चोळू नका. त्यांनी खाजेसाठी थेंब लिहून दिले. पहिलं औषध ते होतं, आणि दुकानात खाजेबद्दल मला कुणी एका शब्दाने विचारलं नव्हतं.

मग लेन्स विभागातल्या ऑप्टोमेट्रिस्ट ताईंनी माझी जुनी लेन्स घालायला लावली, डोळ्यात पिवळा रंग सोडला आणि निळ्या प्रकाशात पाहिलं. चित्र मला स्क्रीनवर दाखवलं. कडेने गर्द हिरवं आणि मधोमध एक मोठा काळा गोल. हिरवं म्हणजे लेन्सखालचे अश्रू. जिथे लेन्स कॉर्नियावर दाबून बसते तिथून अश्रू पिळून निघतात आणि तिथे काळं दिसतं. माझी लेन्स शंकूच्या टोकावर बशीसारखी डुगडुगत होती, आणि दर पापणीसरशी टोक घासत होतं. डाव्या डोळ्यात त्या जागी साल गेलेली होती आणि खाली पुसट डाग धरू लागला होता.

मी विचारलं, "मग मला दिसत कसं होतं?" त्यांचं उत्तर माझ्या कायम लक्षात राहील. चपटी लेन्स शंकूचं टोक दाबून धरते, म्हणून कधी कधी अक्षरं उलट जास्तच स्पष्ट दिसतात. "म्हणूनच आम्ही तक्ता वाचायला लावायच्या आधी रंग घालून बघतो," त्या म्हणाल्या.

त्यानंतर त्यांनी माझ्या लेन्स एका छोट्या यंत्राखाली ठेवून वक्रता मोजली. उजवी ७.६०. डावी ७.६०. नवी डावीसुद्धा ७.६०. इथे उलटं असतं, मिलिमीटर जितके कमी तितका बाक जास्त. ७.६ मिलिमीटर म्हणजे साधारण ४४.४ डायॉप्टर, म्हणजे साध्या, निरोगी डोळ्याच्या मापाजवळची लेन्स. केराटोकोनसमध्ये दोन डोळे सहसा सारखे नसतात. माझे तर साडेचार डायॉप्टरने वेगळे. त्या लेन्समध्ये केराटोकोनसची कुठलीच खास घडण नव्हती. साधी गोल कडक लेन्स, परदेशी म्हणून विकलेली. मी बाटल्या पुढे केल्या. दोन्हींवरची लेबलं खरवडलेली होती. आणल्या दिवसापासून त्या तशाच होत्या, आणि मला कधी विचारावंसंही वाटलं नव्हतं.

डावा डोळा भरून यायला पंधरा दिवस गेले. मग ट्रायल झाली. लाकडी पेटीत ओळीने ठेवलेल्या लेन्स, प्रत्येकीवर माप. एक घाल, अर्धा तास बस, रंग घालून बघ, काढ, दुसरी घाल. उजव्याला दुसऱ्याच लेन्सवर जमलं, डाव्याला पाच लागल्या. बरोबर बसलेल्या लेन्समध्ये मधोमध काळा गोल नव्हता. टोकाला अगदी पुसट स्पर्श, कडेला हिरवी अंगठी. शेवटी ठरलं, उजवी ७.२०, डावी ६.६०. या लेन्स न जमल्यास बुबुळाच्या बाहेर, डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकणारी मोठी स्क्लेरल लेन्स हा पुढचा मार्ग आहे, हेही त्यांनी आधीच सांगून ठेवलं. जोडीचे १९,००० झाले. पावतीवर दोन्ही डोळ्यांची वक्रता, व्यास, नंबर आणि लेन्सच्या जातीचं नाव छापलेलं आहे. एवढ्या चार गोष्टी दुकानाच्या पावतीवर असत्या तर कराडच्या डॉक्टरांनीच मला जूनमध्ये थांबवलं असतं. माझ्या त्या दोन पावत्यांवर फक्त 'स्पेशल लेन्स' एवढंच लिहिलंय.

म्हणून ज्यांना लेन्स घ्यायच्या आहेत त्यांना हात जोडून सांगते, डोळ्यात ट्रायल लेन्स न घालता, रंग घालून न बघता कुणी केराटोकोनसची लेन्स मागवत असेल, तर ॲडव्हान्स भरू नका. आधी भरला असेल तरी दुसरीकडे जाऊन दाखवा. ५५,००० गेले याचं मला दुःख आहेच, पण डाव्या डोळ्यातला डाग पैशाने पुसला जाणार नाही. उजेडासमोर पाहिलं की अक्षराभोवती धुकं दिसतं, ते आता राहणार.

दुकानात मी रुग्णालयाचा अहवाल घेऊन गेले. त्याने १५,००० परत देऊ केले, बदल्यात 'काही तक्रार नाही' अशी सही मागितली. मी सही केली नाही. रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवलं, उत्तर आलं नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला, तिथून रीत समजली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे दुकान पुण्याचं असलं तरी मी राहते त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते, दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि मोजलेली रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर फी नाही. वकिलाशिवाय, भाऊजींच्या मदतीने मी अर्ज साताऱ्याला दाखल केला.

तिन्ही जुन्या लेन्स मी फेकल्या नाहीत. सोल्युशन काढून कोरड्या डबीत, त्या खरवडलेल्या बाटल्या आणि वक्रता मोजल्याच्या सही-शिक्क्याच्या कागदासह कपाटात ठेवल्या आहेत. पुढच्या तारखेला त्या घेऊन जायचं आहे.