पहिली नायट्रो रिमोट-कंट्रोल गाडी घेताय? आधी टाकीचं झाकण बघा (काही महिन्यांच्या वापरानंतर)

माझी गाडी: १/८ मापाची बग्गी, ३.५ सीसीचं पुल-स्टार्ट (दोरी ओढून सुरू होणारं) इंजिन, १२५ सीसीची टाकी, रेडी-टू-रन (जोडून तयार). बाकी स्पेक्स तुम्हाला पाठ असतीलच. टॉप स्पीडवर भांडण्यापेक्षा पहिली नायट्रो निवडताना टाकीचं झाकण आणि त्याची ओ-रिंग नीट बघून घ्या.

या गाड्या मेथॅनॉल-नायट्रोमिथेनच्या इंधनावर चालतात आणि त्यांत इंधनाला पंप नसतो. एक्झॉस्ट पाइपमधून एक बारीक नळी टाकीत येते आणि एक्झॉस्टचा दाब इंधन कार्ब्युरेटरकडे ढकलतो. ओ-रिंग चपटी झाली किंवा झाकणाची स्प्रिंग ढिली पडली की तो दाब गळतो आणि इंजिन लीन होतं, म्हणजे त्याला इंधन कमी पडतं. टाकी भरलेली असेपर्यंत सगळं छान. अर्ध्यावर आली की आयडल (थ्रॉटल न देताचा वेग) चढतो, थ्रॉटल सोडला तरी आरपीएम उतरायला वेळ लागतो. मग नीडल (कार्ब्युरेटरवरचा इंधन कमी-जास्त करणारा स्क्रू) फिरवणं सुरू. आज जुळवलेली सेटिंग उद्या पुन्हा बिघडते, आणि दोष नीडलचा नसतोच. या गाडीला हेच झालं, तर सर्व्हिसवाल्यांनी सरळ नवीन कार्ब्युरेटर सुचवला! एवढ्याशा रबरी रिंगपायी तेवढा खर्च कोणी का करावा?

तपासणी घरीच होते. टाकी रिकामी करून काढा, कार्ब्युरेटरकडचा निपल बंद करा, प्रेशरच्या निपलला नळी लावून टाकी पाण्यात बुडवा आणि सिरिंजने हवा सोडा. तोंडाने फुंकू नका, मेथॅनॉल विषारी आहे. झाकणापाशी बुडबुडे आले तर ओ-रिंग बदला, जोडावर आले तर टाकीच बदला. परत बसवण्याआधी आतून पूर्ण वाळवा.

पुल-स्टार्टबद्दलचं मत मात्र बदललं. सुरुवातीला वाटत होतं, स्टार्टर बॉक्सशिवाय (गाडी वर ठेवून मोटरने इंजिन सुरू करायची पेटी) नायट्रोत पडूच नये. आता ते पैसे वाचवा असंच सांगेन. दोरी तुटते ती बहुतेक वेळा फ्लड झालेल्या (आत इंधन साचलेल्या) इंजिनावर जोर लावल्यामुळे. दोरी अडली की थांबा, ग्लो प्लग (इंधन पेटवणारा, इंजिनाच्या डोक्यावरचा प्लग) काढा, गाडी उलटी धरा आणि चेहरा बाजूला ठेवून चार-पाच छोटे झटके द्या, साचलेलं इंधन बाहेर पडेल. पूर्ण लांबीपर्यंत दोरी कधीच ओढू नका. नवं इंजिन पिस्टन वरच्या टोकाला असताना घट्ट असतं, ते आधी हेअर ड्रायरने तापवून घ्या.

ब्रेक-इनच्या (नवं इंजिन रुळवण्याच्या) ४-५ टाक्या रिचच, म्हणजे जास्त इंधनावर चालवा, धूर सतत दिसला पाहिजे. दोन टाक्यांच्या मध्ये पिस्टन खालच्या टोकाला ठेवून इंजिन थंड होऊ द्या. नंतर नीडल एका वेळी १/१२ फेराच फिरवायची. ग्लो प्लगजवळ साधारण ९५ ते १२० अंश सेल्सिअस ठीक.

इंधन २० टक्के नायट्रोमिथेनचं पुरतं. मोठा कॅन स्वस्त पडतो खरा, पण मेथॅनॉल हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळे अर्धा कॅन महिनोन्‌महिने पडून राहिला तर वाचलेले पैसे तिथेच गेले. छोटा कॅन घ्या, झाकण लगेच लावा.

दिवसअखेर टाकी रिकामी करा, उरलेलं इंधन जाळून इंजिन बंद पडू द्या आणि प्लगच्या भोकातून आफ्टर-रन ऑइलचे (गाडी चालवून झाल्यावर टाकायचं गंजरोधक तेल) ३-४ थेंब सोडून क्रँक फिरवा. नाहीतर बेअरिंगला गंज चढतो. एअर फिल्टरचा फोम तेल लावूनच बसवायचा, कोरडा फोम बारीक धूळ आत सोडतो आणि स्लीव्ह (पिस्टनभोवतीची नळी) खरवडली की इंजिन संपलं. फेलसेफची (सिग्नल तुटला की गाडी आपोआप थांबवणारी सोय) चाचणी इंजिन बंद असतानाच करा. रिमोट बंद केल्यावर सर्व्होने (थ्रॉटल-ब्रेक हलवणाऱ्या छोट्या मोटरने) ब्रेक ओढलाच पाहिजे.