केवायसीच्या नावाखाली आईचं अतिवृष्टीचं अनुदान काढून नेलं

गावात कुणी आंगठ्याचं मशीन घेऊन आलं आणि "तुमची अनुदानाची केवायसी राहिली" म्हणालं, तर आंगठा ठेवण्याआधी हे वाचा. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात माझ्या आईचे पैसे असेच गेले, शेजारच्या दोन-तीन घरांतलेही गेले.

आईच्या नावावर 1 हेक्टर 20 आर वावर, सगळं कोरडवाहू. 2025 च्या पावसात सोयाबीन उभ्या उभ्या सडलं, शेंगांतच कोंब फुटले. पंचनामा झाला, नुकसान 33 टक्क्यांच्या वर धरलं गेलं आणि हेक्टरी 8,500 प्रमाणे 10,200 रुपये मंजूर झाले. ग्रामपंचायतीत यादी लागली. यादीतला विशिष्ट क्रमांक घेऊन आईनं सेवा केंद्रात रीतसर केवायसी केली. पैसे खात्यात जमाही झाले, पण खात्याला जुना मोबाईल नंबर जोडलेला असल्यामुळे मेसेज घरी कुणालाच आला नाही. आंगठ्याचं मशीन घेऊन फिरणारा हा माणूस नेमका त्याच दिवसांत आला.

पारावर लॅपटॉप मांडून बसला होता. हातात तीच यादी, त्यामुळे लोकांना तो तहसीलचाच वाटला. "मावशी, तुमची केवायसी अर्धवट दाखवून राहिली. आज नाही केली तर पैसे वापस जातीन." मग आधार नंबर घेतला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "खातं कोणत्या बँकेत हाय?" आंगठा ठेवला. "उमटून नाही राहिला, पदरानं पुसा अन् परत ठेवा." वरून पन्नास रुपये फी घेतली. पावती नाही.

पासबुक भरून आणलं तेव्हा कळलं. 10,200 जमा, खाली 10,000 खात्यातून काढलेले, समोर एईपीएस, म्हणजे आधार आणि आंगठ्यावरून केलेला व्यवहार.

आधारवरून पैसे काढायला तीनच गोष्टी लागतात: आधार नंबर, बँकेचं नाव आणि आंगठा. ओटीपी नाही, पिन नाही, एटीएम कार्ड नाही. एका वेळी 10,000 पर्यंत निघतात. केवायसीचं मशीन आणि पैसे काढायचं मशीन एकच असतं, स्क्रीनवर काय उघडलंय ते आंगठा ठेवणाऱ्याला दिसत नाही. म्हणून बँकेचं नाव विचारून कुणी आंगठा मागितला, की तिथंच हात मागे घ्या. ज्या बायांनी आयुष्यभर वावरात राबून आंगठ्याच्या रेषा झिजवल्या, त्यांना "परत ठेवा, परत ठेवा" म्हणत लुबाडणाऱ्या या माणसाचा मला फार संताप येतो.

असं झालं असेल तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, बँकेच्या शाखेत लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्या. बँकेकडून कळल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तक्रार गेली तर तुमची बाजू भक्कम राहते. तोंडी सांगून परत येऊ नका. आम्हाला बँकेत आधी "तुमचाच आंगठा आहे" म्हणून वाटेला लावत होते, लेखी अर्ज पुढे केल्यावर घेतला.

आता आईच्या आधारचं बायोमेट्रिक, म्हणजे आंगठ्यानं होणारी ओळख, एम-आधार ॲपमधून लॉक केलंय. त्यासाठी आधारला चालू मोबाईल नंबर जोडलेला लागतो. रेशन घ्यायला जाताना ते तात्पुरतं उघडावं लागतं, तेवढा त्रास आहे. पैसे अजून परत आलेले नाहीत, अर्जाचा पाठपुरावा चालू आहे. तो माणूस आता पलीकडच्या गावांत फिरतो असं ऐकलं, म्हणून पोलीस पाटलांना सांगून तिथल्या ग्रामपंचायतींना कळवलं आहे.