पिसाकच्या डोंगरातला लॉज: एका रात्रीचे 420 डॉलर

जून 2024 मध्ये आम्ही चौघं पेरूला गेलो होतो. मी, नवरा, 68 वर्षांची आई आणि न्यू जर्सीत नोकरी करणारी लेक. अमेरिकेचा व्हिसा किमान सहा महिने वैध असेल तर भारतीय पासपोर्टवर पेरूत फिरायला वेगळा व्हिसा लागत नाही. लेकीकडे आलोच आहोत तर जाऊन येऊ, असा बेत ठरला. त्या सहलीत जे झालं ते लिहायला मला वर्ष लागलं. पण आपली बरीच मंडळी आता त्या बाजूला जाऊ लागली आहेत, बरोबर आईवडिलांना नेत आहेत, म्हणून लिहिते.

मुळात मुक्कामाला पिसाक हे गाव निवडलं ते आईसाठी. कुस्को शहर 3,400 मीटरवर आहे. तिथे उतरल्या उतरल्या अनेकांना डोकं धरणं, मळमळ, दम लागणं सुरू होतं. तिथले लोक त्याला 'सोरोचे' म्हणतात. पिसाक तिथून 33 किलोमीटरवर, उरुबांबा नदीच्या खोऱ्यात, 3,000 मीटरच्या जरा खाली. डॉक्टरांनी आईला गोळ्या दिल्या होत्या आणि बजावलं होतं, पहिल्या रात्री जितकं खाली झोपाल तितकं बरं. शिवाय पिसाकचा बाजार. रविवारी आजूबाजूच्या डोंगरातल्या केचुआ, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी समाजातल्या, बायका मका, बटाटे, भाज्या घेऊन खाली उतरतात. आईला तो बाजार बघायचाच होता.

एका मोठ्या बुकिंग साइटवर लॉज सापडला. फोटोत निळं दार, लाल कौलं, अंगणात पिवळी फुलं आणि मागे नदी. 'बाजारापासून दहा मिनिटं' असं लिहिलेलं. चार रात्रींचं बुकिंग केलं आणि तासाभरात मालकाचा मेसेज आला. साइट फार कमिशन घेते, तिथलं बुकिंग रद्द करा, मला थेट पैसे पाठवा, रात्रीचे 75 ऐवजी 60 डॉलर लावतो. भाषा इतकी आदबीची, आईची तब्येत कशी आहे तेसुद्धा विचारलेलं. आम्ही बुकिंग रद्द केलं आणि 240 पैकी 120 डॉलर आगाऊ पाठवले. ज्या सेवेने पाठवले तिथे समोरच्याने पैसे एकदा उचलले की परत मिळत नाहीत. साइटवरून भरले असते तर दाद मागायला निदान कुणीतरी होतं. आमची मोठी चूक इथे झाली.

पिसाकच्या पुलापाशी मालकाने पाठवलेली गाडी उभी होती. गाडी गावाकडे वळण्याऐवजी घाट चढायला लागली. लेकीने मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये ड्रायव्हरला विचारलं, तो म्हणाला, "जवळच आहे." वळणामागून वळण. मी फोनवर उंची बघत होते. 3,200, मग 3,400. थांबलो तेव्हा आकडा होता 3,640. ज्या वाटेवर पुढे 'बटाटा उद्यान' लागतं, जिथली केचुआ गावं शेकडो जातींचे बटाटे जपतात, त्या वाटेवरचं एक घर. निळं दार नाही, नदी नाही. मालक हात जोडून पुढे आला. खालच्या घरात पाण्याची पाइप फुटली आहे, म्हणून तुम्हाला इथली 'जास्त चांगली' खोली दिली आहे, म्हणाला. बाहेर अंधार पडत होता, गाडी निघून गेली होती. आई बाकावर बसून होती आणि तिचे ओठ निळसर दिसत होते. तिथे भांडत कोण बसणार?

ती रात्र मी विसरणार नाही. जूनमध्ये तिथे कडाक्याचा हिवाळा असतो, डोंगरात रात्री पारा शून्याखाली जातो. भिंती कच्च्या विटांच्या, खिडकीच्या फटीतून वारा. हीटर मागितला तर 10 डॉलर वेगळे सांगितले. आईला दोनदा उलटी झाली, आडवं झालं की दम लागत होता. मी तिला पाठीशी उशा लावून बसवलं आणि तिचा श्वास मोजत राहिले. तिथे काम करणारी एक बाई कोकाच्या पानांचा चहा घेऊन दोनदा आली, स्वतःचं घोंगडं आईच्या पायावर घालून गेली. त्या घरात आम्हाला माणुसकी दिसली ती तिच्यातच.

उजाडताच खाली जायचं ठरवलं. उंचीचा त्रास वाढत असेल तर खाली उतरणं हाच खरा उपाय आहे, हे प्रत्येकाने ध्यानात ठेवा. चहाने, गोळीने 'बघू जरा' म्हणत थांबू नका.

गाडी परत मालकाचीच. आईला आणि सामानाला आत बसवलं आणि मग त्याने हिशोब काढला. चारही रात्रींचे उरलेले 120, हीटरचे 10, आणि 18 टक्के कर म्हणून 43. एकूण 173 डॉलर, रोख. पैसे हातात पडेपर्यंत ड्रायव्हर किल्ली फिरवणार नव्हता. नवऱ्याने शंभराच्या दोन नोटा दिल्या. मालक "मोजून आणतो" म्हणत आत गेला आणि पाचेक मिनिटांनी एक नोट घेऊन बाहेर आला. चेहऱ्यावर काळजी. "ही खोटी आहे, साहेब. तुमचा दोष नाही, बँकेनेच फसवलं असेल." गाडीत आई कण्हत होती. नवऱ्याने तिसरी नोट दिली. उरलेल्या 27 डॉलरचे म्हणून त्याने 100 सोलची एक नोट परत केली. सोल हे पेरूचं चलन.

खाली आल्यावर मी ती 'खोटी' नोट नीट पाहिली. आमच्या नोटा लेकीच्या बँकेतून आणलेल्या, कोऱ्या करकरीत, पाकिटात एकावर एक ठेवलेल्या. ही मात्र मऊ पडलेली, मधोमध घडीची जुनी रेघ. शंभर डॉलरच्या नव्या नोटेत निळी पट्टी कागदातच विणलेली असते, नोट हलवली की तिच्यातल्या घंटा आणि आकडे सरकतात. हिच्यावर नुसती निळी छपाई होती. फ्रँकलिनच्या कोटावरून नख फिरवलं तर खरखर नाही. ती नोट आमची नव्हतीच. देण्याआधी नोटांच्या नंबरांचा फोटो काढला असता तर तिथेच दाखवता आला असता. आणि नोट कुणाला 'आत' नेऊच द्यायची नाही. समोर मोजा, समोर तपासा.

पिसाकमध्ये साधी खोली मिळाली, डॉक्टरही आले. दुपारपर्यंत आईचा चेहरा माणसात आला. दुसऱ्या दिवशी ती हळूहळू बाजारात गेली आणि तिने एका बाईकडची शाल पसंत केली. मी ती 100 सोलची नोट पुढे केली. त्या बाईने ती अंगठ्याने चोळली, उजेडाकडे धरली, तिरकी केली आणि शांतपणे माझ्या हातात परत ठेवली. "फाल्सो." म्हणजे खोटी. शाल मात्र तिने बाजूला काढून ठेवली, दुसरे पैसे आणेपर्यंत. पेरूची मध्यवर्ती बँक लोकांना हेच तीन शब्द शिकवते: हात लावा, उजेडात बघा, तिरकी करा. तिथला प्रत्येक दुकानदार ते करतो, कुणाला राग येत नाही. आपणही संकोच करू नये.

कराचं कळलं ते कुस्कोत, सरकारी पर्यटक मदत केंद्रात. त्याचं नाव 'आयपेरू', मदत फुकट असते. तिथल्या मुलीने सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की परदेशी पर्यटकाचा मुक्काम 60 दिवसांच्या आत असेल, तर पासपोर्ट आणि देशात आल्याची नोंद दाखवल्यावर राहण्याच्या बिलावर तो 18 टक्के कर लागतच नाही. तिने विचारलं, बिल आहे का? तिथे त्याला 'बोलेता' म्हणतात. आमच्याकडे नव्हतं. नोंदणी असलेल्या प्रत्येक धंद्याला 'रुक' नावाचा 11 आकडी नंबर असतो, तो करखात्याच्या साइटवर कुणालाही तपासता येतो. आम्ही कधी मागितलाच नव्हता. लोकांशी व्यवहार करणाऱ्या प्रत्येक ठिकाणी तक्रारवही ठेवावी लागते, तशी पाटीही लावावी लागते. त्या घरात पाटी नव्हती, आणि ती असायला हवी हे आम्हाला ठाऊक नव्हतं. ग्राहक संरक्षणाचं काम बघणाऱ्या 'इंदेकोपी'कडे तक्रार केली, दोन्ही खोट्या नोटा पोलिसांत दिल्या. पैसे परत आले नाहीत.

एका रात्रीत एकूण 420 डॉलर गेले, आपले 35 हजार रुपये. पण मला छळतं ते दुसरंच. मी मालकाला आधीच कळवलं होतं की आईला उंची सोसत नाही, आणि त्यानेच तिला 3,640 मीटरवर नेऊन ठेवलं. वयस्कर माणसं बरोबर असतील तर लॉज नेमका नकाशावर कुठे आहे आणि किती मीटरवर आहे, हे लेखी मागून घ्या. कुस्कोहून पिसाकला आपल्या वडापसारख्या गाड्या दिवसभर सुटतात, त्यांनी गावात उतरा आणि खोली डोळ्यांनी बघून मगच पैसे द्या.

लेकीने नंतर ते फोटो इंटरनेटवर शोधले. निळ्या दाराचं घर खरं निघालं, पण दरीच्या दुसऱ्या बाजूला, दुसऱ्याच कुटुंबाचं. त्यांना आम्ही कळवलं. साइटलाही दोनदा लिहिलं. परवा पुन्हा उघडून पाहिलं तर तेच निळं दार, तीच पिवळी फुलं, 'बाजारापासून दहा मिनिटं'. पुढच्या महिन्याच्या तारखा मोकळ्या दिसत होत्या.