‘गॅलेक्सी रास्बोरा’ पाळल्यानंतरचा अनुभव: पाटीवर रास्बोरा, टँकमध्ये डॅनिओ

दुकानांत ‘गॅलेक्सी रास्बोरा’ या नावाने मिळणारे, जेमतेम दोन सेंटिमीटर लांबीचे हे मासे गेल्या पावसाळ्याच्या अखेरीपासून आमच्या पुण्याच्या घरी आहेत. एक हिवाळा आणि एक अख्खा उन्हाळा त्यांनी काढला असल्यामुळे आता त्यांच्याविषयी काही खात्रीने लिहिता येईल. मासा देखणा आहे, काटक आहे आणि घरात वीणही देतो. मात्र दुकानातील पाटीवर विसंबून त्याची व्यवस्था लावली, तर तो कोपऱ्यात फिकट होऊन बसतो. रास्बोरा आणि डॅनिओ हे लहान माशांचे दोन वेगळे गट, आणि प्राणिशास्त्रज्ञांनी याला डॅनिओंत धरले आहे. हे नाते लक्षात घेऊन टँक लावला की त्याच्या बहुतेक तक्रारी आपोआप मिटतात, असा माझा अनुभव आहे.

विकत घेताना मिळालेला सल्ला असा होता: पाणी मऊ आणि किंचित आम्लधर्मी ठेवा, त्यात बदामाची वाळलेली पाने टाका आणि हीटर 28 अंशांवर लावा. चिली रास्बोरासारख्या बोर्निओच्या दलदलीतील, चहाच्या रंगाच्या पाण्यात राहणाऱ्या माशासाठी यातील पाण्याचा भाग अगदी योग्य आहे. आपला मासा मात्र म्यानमारच्या शान राज्यातील. 2006 च्या ऑगस्टमध्ये होपोंग गावाच्या परिसरात तो सापडला आणि त्याची छायाचित्रे पाहता पाहता जगभरच्या शौकिनांपर्यंत पोहोचली. समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून अधिक उंचीवरचा हा चुनखडीचा प्रदेश आहे. जमिनीतून झिरपलेल्या पाण्याची फूटभर खोलीची, स्वच्छ आणि पाणवनस्पतींनी गच्च भरलेली डबकी हे त्याचे घर. तेथील पाणी थंडसर आणि आम्लाऐवजी किंचित अल्कधर्मी असते. म्हणजे बदामाची पाने आणि हीटर या दोन्ही गोष्टी पैसे देऊन त्याच्या सोयीच्या विरुद्धच केल्यासारख्या होत्या.

त्याच्या वर्गीकरणाची हकिकत थोडी विस्ताराने सांगण्यासारखी आहे. अमेरिकी मत्स्यशास्त्रज्ञ टायसन रॉबर्ट्स यांनी 2007 मध्ये सिंगापूरच्या ‘रॅफल्स बुलेटिन ऑफ झूऑलॉजी’ या नियतकालिकात त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले आणि त्याच्यासाठी ‘सेलेस्टिकथिस’ ही नवी प्रजाती उभारून त्याला ‘सेलेस्टिकथिस मार्गारिटाटस’ असे नाव दिले. गंमत अशी की, शोधनिबंधाच्या शीर्षकात त्याला ‘सेलेस्टियल पर्ल डॅनिओ’ म्हणणाऱ्या रॉबर्ट्स यांनी प्रत्यक्षात त्याला डॅनिओंच्या बाहेर ठेवले होते. पुढच्याच वर्षी केविन कॉनवे, वेई-जेन चेन आणि रिचर्ड मेडन यांनी शरीररचना आणि डीएनए असे दोन्ही पुरावे तपासून हा एक बुटका डॅनिओच असल्याचे दाखवले आणि तेव्हापासून तो ‘डॅनिओ मार्गारिटाटस’ झाला. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी 1822 मध्ये गंगेच्या खोऱ्यातील माशांवरील ग्रंथात वर्णन केलेला आणि आज जगभरच्या प्रयोगशाळांत वाढवला जाणारा झेब्रा मासा, म्हणजेच ‘डॅनिओ रेरिओ’, हा त्याचा भाऊबंद ठरला. व्यापाराने मात्र ‘रास्बोरा’ ही पाटी अजून उतरवलेली नाही.

हा सगळा तपशील पाळणाऱ्याच्या उपयोगाचा कसा, ते टँकसमोर बसल्यावर कळते. नराच्या पोटाखालच्या पराकडे नीट पाहिले, तर दोन काळ्या रेघांच्या मधोमध लालभडक पट्टा दिसतो; शेजारच्या टँकमधील झेब्राच्या त्याच परावरही पट्टेच असतात, फक्त त्यांचे रंग वेगळे. अंगावर गडद निळ्या पार्श्वभूमीवर मोत्यासारखे ठिपके, मादीचा रंग हिरवट आणि मंद, पोट गोलसर. सकाळी दिवा लागल्यानंतरचा पहिला तास पाहण्यासारखा असतो. दोन नर सगळे पर ताणून एकमेकांभोवती गोल फिरतात, शेपटीचे फटकारे मारतात, आणि मग त्यांतील एक मादीला मॉसच्या (शेवाळासारख्या पाणवनस्पतीच्या) झुबक्याकडे नेऊ लागतो. ही लगबग बरीचशी झेब्राची आठवण करून देणारी आहे. रास्बोरांचा शांत, एका दिशेने जाणारा थवा येथे अपेक्षू नये.

आमचा टँक दोन फुटी आहे आणि त्यात डझनभर मासे आहेत. हॉर्नवर्ट आणि जावा मॉस या पाणवनस्पती मुबलक, खाली गडद वाळू, एका कोपऱ्यात मंद चालणारा स्पंज फिल्टर. सोसायटीच्या बोअरचे पाणी जड असल्यामुळे इतर काही माशांसाठी आम्हांला आरओचे पाणी मिसळावे लागत असे. या माशांना तेच बोअरचे पाणी, नुसते एक दिवस साठवून ठेवलेले, मानवले. पानांचा रंग उतरलेले पाणी काढून टाकून बोअरचे पाणी हळूहळू वाढवत नेल्यावर काही आठवड्यांत नरांचा लाल रंग उठून आला. याचे सारे श्रेय पाण्याला देणार नाही, कारण त्याच काळात वनस्पतीही दाट झाल्या, आणि लपायला जागा भरपूर असली की हे मासे उलट अधिक बाहेर येतात.

खरी परीक्षा उन्हाळ्याची होती. एप्रिलमध्ये खोलीतील टँकचे पाणी दुपारी 30 अंशांच्या वर जाऊ लागले. डोंगराळ भागातील माशाला हे काही दिवस सोसते, पण महिनोन्महिने सोसत नाही. टँकचे झाकण काढून वर जाळी बसवली आणि पाण्याच्या पृष्ठभागावर वारा येईल असा लहान पंखा लावला. बाष्पीभवनामुळे पाणी दोन-तीन अंशांनी उतरले. मात्र वाफ होते ती केवळ पाण्याची, क्षार मागेच राहतात. म्हणून कमी झालेले पाणी भरताना तेवढ्यापुरते आरओचे वापरावे, नाहीतर टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, चढत जातो. गरम पाण्यात प्राणवायूही कमी विरघळतो, त्यामुळे त्या दिवसांत एअर पंप रात्रीही चालू ठेवला. उन्हाळ्यात ज्यांच्या घरी एवढी सोय होणार नाही, त्यांनी हा मासा घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

विणीबाबत अपेक्षेपेक्षा चांगला अनुभव आला. मादी मॉसमध्ये थोडी थोडी अंडी टाकते. राखण कोणीच करत नाही, उलट सापडलेले अंडे आईबापच खातात. मॉसचा झुबका वेगळ्या डब्यात हलवला, तर तीन-चार दिवसांत अंडी फुटतात. पिल्ले सुरुवातीला काळपट काडीसारखी काचेला चिकटून राहतात आणि आणखी दोन-तीन दिवसांनी पोहू लागतात. आर्टेमिया या खाद्य म्हणून वापरल्या जाणाऱ्या कोळंबीसारख्या चिमुकल्या जीवाची नुकती फुटलेली पिल्लेही आरंभी त्यांच्या तोंडाला मोठी पडतात. हिरव्या पाण्यातील सूक्ष्म जीवांवरच पहिले दिवस काढावे लागतात. ठिपके दिसू लागायला दोन-तीन महिने जातात.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. तोंड अगदी लहान असल्यामुळे बाजारातील फ्लेक (पापुद्र्यांसारखे कोरडे खाद्य) चुरडूनच द्यावे लागतात, आणि मोठ्या, चपळ माशांबरोबर ठेवल्यास हे उपाशी राहतात. बैठकीच्या खोलीत पाहुण्यांना दाखवण्यासाठी मासा हवा असेल, तर दुसरे काही घ्यावे. अनोळखी माणूस जवळ आला की सारे मॉसमागे जातात. पिशवीत रंग पाहून निवडल्यास बहुतेक नरच पदरी पडतात आणि ते एकमेकांचे पर फाडतात, म्हणून फिकट, पोटाने गोल अशा माद्या मुद्दाम मागून घ्याव्यात. पाठ खोल गेलेला किंवा पोट आत ओढलेला मासा स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

आता नजर आहे ती त्याच्या जवळच्या नातेवाइकावर. भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागाचे पहिले संचालक नेल्सन ॲनंडेल यांनी 1918 मध्ये म्यानमारच्या इन्ले सरोवरातील एक पट्टेरी, तांबूस मासा ‘मायक्रोरास्बोरा एरिथ्रोमायक्रॉन’ या नावाने नोंदवला होता. त्याचीही रवानगी पुढे डॅनिओंतच झाली. पाणी, तापमान आणि खाणे जवळपास तेच लागत असले, तरी इतक्या जवळच्या नात्यात संकर होण्याचा धोका असल्यामुळे तो आणायचा झाल्यास त्याच्यासाठी दुसरा टँक मांडावा लागेल, आणि तूर्त घरात तेवढी जागा नाही.