बुद्धिबळाच्या ‘रेटिंग पॅकेज’मध्ये 85,500 रुपये गेले, नाशिकच्या पालकांनी हे वाचाच

मुलांना बुद्धिबळाच्या क्लासला घालणाऱ्या पालकांसाठी लिहितेय. सरांचं नाव घेत नाही, तक्रार चालू आहे. पद्धत मात्र पूर्ण सांगते.

मुलगा आठवीत, रेटिंग (खेळाडूची ताकद दाखवणारा आकडा) 1523. आपल्या नाशिकमध्ये पोरगं दोन ट्रॉफ्या घेऊन आलं की लोक लगेच ग्रँडमास्टर विदित गुजराथीचं नाव काढतात. साहजिक आहे, 2023 ला ग्रँड स्विस ही मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकलेला, 2024 ला बुद्धिबळ ऑलिम्पियाडचं सुवर्ण आणणारा मुलगा आपल्या गावचा आहे. सरांनी नेमकं तेच धरलं. “ताई, पोरात दम आहे. ओपन स्पर्धांत कमी रेटिंगच्या मुलांकडून मार खाऊन त्याचं रेटिंग अडकलंय. क्लोज्ड राऊंड रॉबिन (मोजक्या बोलावलेल्या खेळाडूंची, प्रत्येकाशी एक डाव अशी स्पर्धा) खेळवू, 1700 च्या पुढे नेतो.” यातलं खोटं काय होतं सांगा? अठराच्या आतल्या मुलांना के-फॅक्टर (एका डावाने रेटिंग किती हलू शकतं तो आकडा) 40 असतो, अडीचशे गुणांनी वरचढ खेळाडूला हरवलं तर एका डावाचे रेटिंगमध्ये तीसेक गुण मिळतात. हिशोब बरोबर होता, म्हणून तर विश्वास बसला.

परफॉर्मन्स कोचिंगचे 48,000, स्पर्धेची एन्ट्री 15,000, आणि ‘वरच्या रेटिंगचे खेळाडू बोलवायचा खर्च’ म्हणून 22,500. शेवटची रक्कम रोख मागितली आणि पावती दिली नाही. ह्यांचा अंबडच्या कंपनीतला दिवाळी बोनस आणि माझी भिशी, सगळं त्यात गेलं. कुणी रोख मागितलं की तिथेच उठा.

स्पर्धा राज्याबाहेर होती. नऊ राऊंडमध्ये साडेसहा गुण आले. रेटिंग 1523 वरून 1716. घरी पेढे वाटले.

पण चौथ्या राऊंडच्या रात्री लॉजवर मुलगा म्हणाला होता, “मम्मी, माझी चाल त्याने मी खेळायच्या आधीच लिहिली होती.” समोरचा 1840 रेटिंगचा. त्याच्या स्कोअरशीटवर (चाली लिहायच्या कागदावर) माझ्या मुलाच्या पुढच्या दोन चाली आधीच लिहिलेल्या, आणि मुलाचं लक्ष गेल्यावर त्याने पेन आडवा ठेवून त्या झाकल्या. नंतर स्वतःकडे एक हत्ती जास्त असताना त्यानेच हात पुढे करून डाव सोडला, म्हणजे हार मानली. चाल खेळण्याआधी लिहायची नाही हा फिडेचाच (जागतिक बुद्धिबळ संघटनेचाच) नियम आहे, हे मला आता माहीत आहे. तेव्हा मी सरांना फोन लावला. ते म्हणाले, “मोठ्या खेळाडूंना पुढचं दिसतं ताई.” मला घोडा अडीच घरं जातो याच्या पलीकडे काही येत नाही. ज्याला फी देतोय त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही तर कुणावर ठेवायचा? तरी ते वाक्य आठवलं की अजून अंगाची आग होते. तेरा वर्षांच्या पोराला दिसलं होतं, आणि हा माणूस मला थंडपणे थाप मारत होता. मूल काही विचित्र सांगत असेल तर सरांना विचारू नका, थेट आर्बिटरकडे (स्पर्धेच्या पंचाकडे) जा, स्कोअरशीटचा फोटो काढा.

समोरचे ठरवून हरत होते हे उघड झालं दुसऱ्या स्पर्धेत. शेवटच्या राऊंडच्या आधी सरांनी मुलाला बाजूला घेतलं. “आज गेम द्यायचा. मागच्या वेळी तुला दिले ना?” पोरगा पांढराफटक होऊन माझ्याकडे आला. त्याने गेम दिला नाही, खरा खेळला आणि बरोबरी केली. त्याच संध्याकाळी सरांनी त्याला ग्रुपमधून काढलं. घरी येऊन तो जुनी स्कोअरशीट्स पसरून बसला, कोणता डाव आपण जिंकला आणि कोणता विकत आणलेला ते शोधत. एका डावात त्याने वजीर बळी देऊन मात केली होती, फार आवडता डाव. त्यावरही त्याने प्रश्नचिन्ह काढलं. 85,500 पेक्षा मला याचा राग जास्त आहे.

पैसे मागितले तर सर म्हणतात, “रेटिंग वाढलं ना? मग फसवणूक कसली?” वर ऐकवलं की मोठेही असंच करतात. मी शोधून काढलं. 1962 ला क्युरासाव बेटावर कँडिडेट्समध्ये (जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या स्पर्धेत) पेट्रोस्यान, केरेस आणि गेलर या सोव्हिएत खेळाडूंनी आपसातले बाराच्या बारा डाव बरोबरीत सोडवले. त्यावर अमेरिकेच्या बॉबी फिशरने जाहीर लिहिलं आणि फिडेला कँडिडेट्सची पद्धतच बदलावी लागली. 2023 ला समरकंदच्या जागतिक ब्लिट्झ (झटपट डावांच्या) स्पर्धेत नेपोम्नियाची आणि दुबोव या रशियन ग्रँडमास्टरांनी घोडे नाचवून ठरवल्यासारखी बरोबरी केली, तर दोघांना शून्य गुण मिळाले. म्हणजे तिथे पटावरचा डाव बघून निर्णय होतो. आणि इथे? बुद्धिबळ संघटनेतल्या पदाधिकाऱ्यांना मी चौथ्या राऊंडचा अख्खा डाव दाखवला, हत्ती जास्त असताना सोडलेला. म्हणे, “डाव सोडणं हा खेळाडूचा हक्क आहे, पुरावा आणा.” मग हळूच, “तुमच्याच मुलाचं रेटिंग रद्द होईल, त्याचं करिअर बघा.” रद्द होऊ द्या ना! मुलगाच म्हणतोय 1523 वरून परत सुरू करतो. लेखी अर्ज घ्यायला तयार नाहीत, पोच देत नाहीत, ईमेलला उत्तर नाही. आयोजक म्हणतात आर्बिटरला विचारा, आर्बिटर म्हणतो माझ्यासमोर तक्रार आली नव्हती. पोलीस ठाण्यात मी भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम 318 काढून नेलं, तर साहेब म्हणाले, “बुद्धिबळात कसला सट्टा? कोचिंग घेतलं, पैसे दिले, हे दिवाणी प्रकरण आहे.” सट्टा कोण म्हणालं होतं? मी अर्ज पुढे सरकवला, त्यांनी तो न वाचता परत सरकवला. आणि वर सल्ला, की तुम्हीही पैसे दिलेत, तुम्हीही अडकाल. मी कोचिंगचे दिले, विजयांचे नाही.

आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, घटनेपासून दोन वर्षांची मुदत आहे, वकील नसला तरी चालतं. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही नोंद करून ठेवा. यूपीआयचे स्क्रीनशॉट आणि सरांचे व्हॉइस मेसेज पुसू नका, माझ्याकडे 63,000 चा पुरावा आहे तो त्यामुळेच. 22,500 चा काहीच नाही. असंच पॅकेज घेतलेले आणखी पालक शहरात आहेत हे मला माहीत आहे. मुलांचं रेटिंग जाईल म्हणून ते गप्प आहेत. त्यांनी आपापली तक्रार स्वतंत्र दाखल करावी, म्हणजे कुणाला ‘एकटीच बाई आरोप करतेय’ असं म्हणता येणार नाही.